राक्षसाला आधी त्याची गोष्ट विचारा

दोस्तांनो, जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात टांगलेला रबराचा राक्षस तुम्ही पाहिलाच असेल. लाल जीभ, पिवळे सुळे आणि कपाळावर दोन शिंगं. आईच्या मागे लागून तो विकत घ्यावा, घरी येऊन तोंडावर चढवावा, तर पाच मिनिटांत आत घामाच्या धारा! तुम्ही काय बोलता ते कुणाला कळत नाही. डोळ्यांची भोकं भलतीकडेच असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्ही हसा, रडा, दातओठ खा, राक्षसाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. हलणार कशी? तो चेहरा तुमचा नसतोच मुळी. वर आणखी शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोराकडेही अगदी तस्साच राक्षस असतो!

त्यापेक्षा आपला राक्षस आपणच बनवला तर? आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटक असतं आणि मुलांचे चेहरे रंगवायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं. त्या अनुभवावरून सांगतो, चांगला राक्षस बनवायला लागणाऱ्या बहुतेक वस्तू तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत आत्ता, या क्षणी पडून आहेत. मैदा, कोको, मुलतानी माती, खोबरेल तेल. पण त्या डब्यांना हात लावायच्या आधी एक काम करायचं असतं. ते काम कोणतं, हे समजायला आपण जरा लांब जाऊ. थेट अमेरिकेत, १९३१ सालात.

त्या वर्षी तिथे ‘फ्रँकेनस्टाइन’ नावाचा सिनेमा आला. एका शास्त्रज्ञाने मृत माणसांचे अवयव जोडून एक प्राणी तयार केला आणि त्याच्यात जीव आणला, अशी ती गोष्ट. मेरी शेली या लेखिकेची मूळ कादंबरी १८१८ मधली. ती लिहायला घेतली तेव्हा मेरी जेमतेम अठरा वर्षांची होती! आणि एक गंमत माहीत आहे का? फ्रँकेनस्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नाहीच. ते शास्त्रज्ञाचं नाव आहे. राक्षसाला बिचाऱ्याला कुणी नावच ठेवलं नाही.

तर या बिननावाच्या राक्षसाला चेहरा द्यायचं काम आलं जॅक पिअर्स या रंगभूषाकाराकडे. हा ग्रीसमधून अमेरिकेत आलेला माणूस. त्याने लगेच रंगाचा डबा उघडला नाही. त्याने आधी स्वतःला प्रश्न विचारला, की हा प्राणी तयार कसा झाला असेल? शास्त्रज्ञाला त्याच्या डोक्यात मेंदू बसवायचाय. पण तो शास्त्रज्ञ काही निष्णात सर्जन नव्हे. मग तो काय करेल? कवटीचा वरचा भाग भांड्याच्या झाकणासारखा सरळ कापेल, मेंदू ठेवेल आणि झाकण परत लावून टाके घालेल. म्हणून त्या राक्षसाचं डोकं वरून सपाट! म्हणून कपाळावर तो टाक्यांचा व्रण! आजही जगात कुठेही एखाद्या मुलाने ते सपाट डोकं कागदावर काढलं, तर बघणारा लगेच ओळखतो.

आणि ते डोकं बनवलं कशाने, तर मुख्यतः कापसाने. कापसाचे थर आणि त्यावर कोलोडियन नावाचं, वाळल्यावर पापुद्रा धरणारं द्रव. (ते मात्र आपण घरी वापरायचं नाही, त्याची वाफ भयंकर पेट घेते.) बोरिस कार्लॉफ या नटाला रोज जवळजवळ चार तास खुर्चीत बसून राहावं लागे. कार्लॉफने आपणहून सुचवलं, की माझे डोळे फार चलाख दिसतात, पापण्या जड करा. मग पिअर्सने पापण्यांवर मेण लावलं. कार्लॉफच्या तोंडात एका बाजूला खोटे दात होते. तो ते काढून ठेवी आणि तेवढ्याने गाल खप्पड दिसे. फुकटात!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पिअर्सने कार्लॉफचा चेहरा पूर्ण झाकला नाही. गाल, ओठ, डोळ्यांभोवतीची कातडी हलती ठेवली. त्यामुळे तो राक्षस घाबरलेला दिसू शकला, गोंधळलेला दिसू शकला, उजेडाकडे हात पसरताना आनंदलेलाही दिसला. पुढे कार्लॉफ सांगत असे, की मला लहान मुलांची खूप पत्रं आली आणि त्या मुलांना राक्षसाची भीती नव्हे, दया आली होती. पाहिलंत? मोठी माणसं किंचाळली, मुलांना मात्र बरोबर कळलं.

म्हणून आपलं पहिलं काम हेच. वहीचं एक पान घ्या आणि राक्षसाला प्रश्न विचारा. तू कुठून आलास? पाण्यातून, झाडातून, की जमिनीखालून? काय खातोस? तुला कुणी दुखावलंय का? तुला हवंय काय? उत्तरं लिहिली, की चेहरा आपोआप दिसायला लागतो. विहिरीतून आलेल्याची कातडी शेवाळी असणार. झाडातून आलेल्याच्या गालावर सालं असणार. उगाच आपली शिंगं आणि सुळे कशाला?

आपल्याकडच्या कलावंतांना हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. सिंधुदुर्गात दशावतार बघा. त्यात वेद पळवणारा संकासुर येतो तो काळ्या वेशात, काळाकुट्ट. त्याचं ते रूप दिसलं, की आता काहीतरी गोंधळ होणार हे पुढे बसलेल्या पोरांना कळतं. दशावतारी नट आपापला चेहरा स्वतःच रंगवतात, समोर एक आरसा ठेवून. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. त्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. त्यातले कितीतरी मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. रद्दी कागद! त्याहून स्वस्त काय असणार?

आता कामाला लागू. पण हो, आधी शाळेतल्या विज्ञानाचा एक छोटासा धडा. चेहऱ्याचा खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे, हे आपल्याला कशामुळे कळतं? सावलीमुळे. उजेड बहुधा वरून येतो. म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं उजळ दिसतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळसर. रंगभूषेचं सारं शास्त्र एका ओळीत मावतं : जिथे खड्डा दाखवायचा तिथे गडद रंग, जिथे उंचवटा दाखवायचा तिथे फिकट. आरशासमोर गाल आत ओढा. जिथे खळगा पडतो, तिथे कोको पावडर चिमूटभर खोबरेल तेलात कालवून बोटाने लावा आणि कडा पुसट करा. गालाच्या हाडावर थोडी पांढरी टाल्कम पावडर. झालं! अर्ध्या मिनिटात दहा दिवसांचा उपाशी माणूस तयार. आता दिवे मालवून हनुवटीखाली टॉर्च धरा. सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहराही अनोळखी होतो.

पुढची पायरी म्हणजे सुरकुत्या. यासाठी खळ लागते. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर ढवळा. पांढरा रंग जाऊन ती जरा पारदर्शक झाली, की उतरवा. हे काम आई, बाबा किंवा ताई जवळ असतानाच करायचं. खळ अगदी पूर्ण गार होऊ द्या. मग टिश्यू पेपरचा एकच पातळ पदर सुटा करून त्याचे तुकडे करा. कात्रीने कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडा दिसत नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी गालाची कातडी हलकेच ताणून धरायला सांगा. ताणलेल्या जागी खळ, त्यावर कागद, त्यावर पुन्हा खळ. पंख्याखाली वाळू द्या आणि मग कातडी सोडा. कातडी पूर्ववत आखडते, पण कागद ताणलेल्या मापाचाच राहतो. त्यामुळे त्याला बारीक बारीक चुण्या पडतात. ऐंशी वर्षांची आजी तयार! फक्त डोळ्यांच्या जवळ जायचं नाही. आणि उरलेली खळ दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, ती आंबते.

मोठी जखम, फुगलेला गाल किंवा खवले हवे असतील, तर जिलेटिन. जेली करायला वापरतात तेच, पण बिनरंगाचं आणि बिनचवीचं. एक चमचा जिलेटिन, एक चमचा ग्लिसरिन, एक चमचा पाणी. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचं आणि तेल लावलेल्या ताटलीत ओतून हवा तो आकार द्यायचा. थंड झालं, की रबरासारखा तुकडा सुटून येतो. तो पातळ खळीने चेहऱ्यावर बसवायचा. गरम मिश्रण थेट कातडीवर कधीही, कधीही ओतायचं नाही. चटका बसतो आणि ते चिकटून राहतं, झटकताही येत नाही. आणखी एक. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. ज्यांच्या घरी ते चालत नाही, त्यांनी त्याऐवजी चायना ग्रास घ्यायचा मोह टाळावा. तो ताणला जात नाही, मोडतो. त्यांनी कागद आणि खळीचे चार-पाच थर द्यावेत, काम तितकंच छान होतं. बरं, जिलेटिनलासुद्धा आपल्याकडचा उकाडा सोसत नाही. घाम आला, की ते घसरायला लागतं. म्हणून ते अगदी शेवटी लावायचं.

दाढीचे खुंट किंवा खरचटल्याच्या खुणा हव्यात? घोसाळ्याची वाळलेली जाळी घ्या, अंग घासायला वापरतात ती. तिच्यावर काजळ किंवा कोको लावा आणि गालावर नुसती टेकवा, घासू नका. तिच्या वेड्यावाकड्या धाग्यांमुळे ठिपके इतके अस्सल उमटतात, की ब्रशने जन्मात जमणार नाहीत. राक्षसाची जटा काथ्याची करा, पण ती टोपीला शिवा, केसांना चिकटवू नका. रक्त म्हणजे साखरेचा घट्ट पाक, त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको का? नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. खरं रक्त जरा काळपट असतं. मात्र हा रंग कपड्यांना लागला तर निघत नाही. तेव्हा शाळेचा शर्ट घालून हे उद्योग करू नका, नाहीतर खरा राक्षस घरातच दिसेल!

आता कडक सूचना. हसू नका, या पाठ करा. कोणताही पदार्थ चेहऱ्यावर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबायचं. खाज, पुरळ, लाली आली, तर तो पदार्थ बाद. पोस्टर कलर, ऑइल पेंट, होळीचे रंग चेहऱ्यावर नाहीत. सुपरग्लू तर नाहीच नाही. हळद आणि चुना मिसळला की झक्क लाल रंग येतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण चुना कातडी जाळतो, तेव्हा तेही नाही. एके काळी जगभरचे नट चेहरा गोरा दिसायला शिशाचा सफेदा फासत. शिसं हे विष आहे, आणि त्या रंगाने कित्येक जण आजारी पडले. ‘सगळेच लावतात’ हे काही कारण नव्हे.

आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. चेहऱ्याचा साचा काढायला ते वापरावं असं कुणीही सांगितलं, तरी ऐकायचं नाही. प्लास्टर घट्ट होताना तापतं, साधं कोमट नव्हे, चांगलं भाजेल इतकं. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत कलेच्या तासाला एका मुलीने स्वतःच्या हातांचा साचा काढायला ओल्या प्लास्टरमध्ये हात घातले. प्लास्टर घट्ट झालं, तापलं आणि हात बाहेर निघेनात. त्या मुलीला आपली बहुतेक बोटं गमवावी लागली. मुखवटाच करायचा असेल, तर शाडूचा चेहरा घडवा आणि त्यावर कागदाचा लगदा थापा. जिवंत माणसाचं तोंड म्हणजे साचा नव्हे.

आता तुम्हाला आमच्या गणपतीतला एक प्रसंग सांगतो. नाटक होतं पडक्या वाड्यातल्या भुताचं. मुलांनी ठरवलं, की भुताचा अर्धा चेहरा भाजलेला दाखवायचा. तालमीच्या दिवशी एका मुलाच्या गालावर जिलेटिन बसवलं, त्याला सुरकुत्या पाडल्या, लाल रंग दिला. बाकीची पोरं खूश. ‘काय डेंजर दिसतोय!’ असा एकच गलका.

आमच्या नाटकात प्रॉम्प्टिंगला सातवीतली एक मुलगी होती. लहानपणी अंगावर गरम पाणी सांडल्यामुळे तिच्या हनुवटीपासून मानेपर्यंत भाजल्याचा व्रण आहे. ती वही मिटून जवळ आली आणि त्या मुलाच्या गालाकडे नीट बघत म्हणाली, “काका, हे खोटं दिसतंय.”

“का गं?”

“भाजलेलं नंतर असं लाल राहत नाही. चकाकतं. आणि ताणलेलं असतं. मान वळवली की ओढ बसते.” एवढं ती अगदी सहज बोलली, गणित समजावून सांगावं तसं. मग थोडं थांबून तिने विचारलं, “आणि हे बघून सगळ्यांनी किंचाळायचंय ना?”

खोलीत चिडीचूप. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. ज्याच्या गालावर जिलेटिन होतं, तो मुलगा खाली बघायला लागला. शेवटी त्यानेच विचारलं, “मग काय करायचं?”

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “भूत कुणाचं आहे ते तरी ठरवा आधी.”

दोस्तांनो, जॅक पिअर्सचं नावही त्या मुलीने ऐकलेलं नव्हतं, पण प्रश्न तिने त्याचाच विचारला. जरा आठवून बघा. गोष्टींतले, सिनेमांतले दुष्ट लोक कसे असतात? कुणाला कुबड असतं, कुणी लंगडा असतो, कुणी एका डोळ्याने आंधळा. कुणाच्या तोंडावर वार, कुणाच्या अंगावर पांढरे डाग. ही सारी माणसं आपल्या आजूबाजूला खरीखुरी राहतात. तुमच्या वर्गात असतील, तुमच्या घरातही असतील. रोज आरशात ती जो चेहरा बघतात, तोच आपण गालावर चिकटवायचा आणि ‘भूत, भूत’ म्हणून ओरडायचं? त्यात कल्पनाशक्ती ती काय? जुन्या मूकपटांत लॉन चॅनी नावाचा मोठा नट होता. आपली रंगभूषा तो स्वतः करी. त्याचे आई-वडील दोघेही मूकबधिर होते. त्यांच्याशी तो लहानपणापासून हातांनी आणि चेहऱ्यानेच बोलला. १९२३ मध्ये त्याने पाठीवर कुबड बांधून चर्चमधला घंटा वाजवणारा उभा केला. तो दिसायला भयंकर होता, पण मनाने सगळ्यांत चांगला. व्रण आणि कुबड दाखवायचंच नाही, असं नव्हे. पण ते दाखवून प्रेक्षकांनी काय करावं असं आपल्याला वाटतं, हे आधी ठरवायला हवं.

तर आमच्या मंडळींनी जिलेटिन काढून टाकलं आणि सगळे गोल करून बसले. नाटकाला दोनच दिवस उरलेले! भूत कुणाचं, यावर तासभर भांडण झालं. मग एकाला आठवला सोसायटीच्या मागचा ओढा. आता तो नुसता नावाला उरलाय. त्याच्यात भराव आहे, प्लास्टिक आहे, आणि पावसाळ्यात जायला वाट नाही म्हणून पाणी थेट आमच्या पार्किंगमध्ये येतं. “ओढ्याचंच भूत करू या!” झालं, ठरलं. ओढा मेलाय आणि आपली वाट मागायला परत आलाय.

गोष्ट सापडली आणि चेहरा धावतच आला. आटलेल्या ओढ्याची जमीन कशी असते? भेगाळलेली. मग मुलतानी माती. आधी त्या मुलाच्या कपाळावर आणि गालांवर कोको आणि खोबरेल तेलाचा गडद हात दिला आणि टिश्यूने तेल टिपून घेतलं. मग मुलतानी माती पाण्यात दाटसर कालवून वरून जाड थर दिला. त्याने गाल फुगवून धरले आणि पंख्याखाली बसला. माती वाळल्यावर त्याने गाल सोडले, भुवया उडवल्या, तोंड वाकडं केलं. तडतड तडतड भेगा पडल्या आणि प्रत्येक भेगेतून खालचा गडद रंग डोकावू लागला! वाळताना मातीतलं पाणी उडून जातं, ती आकसते, पण खालच्या कातडीला चिकटलेली असते. मग हलली की तडकते. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तो आकसण्यामुळेच.

काथ्याच्या जटेत दुधाच्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून शिवल्या. चालताना त्या सळसळत. मानेवरच्या भेगा मात्र त्या मुलीने स्वतः काढल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सगळा खर्च ९० रुपयांच्या आत. नाटकाच्या रात्री विंगेत टॉर्च धरून तीच बसली होती. भूत आलं तेव्हा लोक किंचाळले, मनसोक्त किंचाळले. आणि मग ते भूत हात पसरून जेव्हा म्हणालं, “माझी वाट कुठे आहे?” तेव्हा पुढच्या रांगेतले एक आजोबा पुटपुटले, “खरंय रे बाबा.” ओढा अजून तसाच आहे. पण त्याच्यात पिशवी टाकताना आता आमच्याकडे कुणीतरी टोकतं, “ओढ्याचं भूत येईल हं!”

हे सारे उद्योग करून पुढे काय, असं तुमचे आई-बाबा विचारतील. त्यांना डिक स्मिथची गोष्ट सांगा. हा अमेरिकेतला रंगभूषाकार (जन्म १९२२, निधन २०१४). कॉलेजात असताना त्याला रंगभूषेचं एक पुस्तक सापडलं आणि तो स्वतःलाच राक्षस बनवून मित्रांना घाबरवत फिरू लागला. पुढे ‘अमेडियस’ या सिनेमात तरुण नटाला म्हातारा केल्याबद्दल त्याला ऑस्कर मिळालं. पण मला तो आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्या काळी रंगभूषाकार आपल्या युक्त्या जिवापाड लपवून ठेवत. स्मिथने १९६५ मध्ये मुलांसाठी पुस्तक काढलं : घरच्या घरी राक्षस कसा बनवावा! मुलं त्याला पत्रं लिहीत आणि तो उत्तरं देई. रिक बेकर नावाच्या एका पोराने त्याला असंच पत्र पाठवलं. स्मिथने त्याला घरी बोलावलं आणि सगळं दाखवलं. पुढे ऑस्करमध्ये रंगभूषेसाठी दरवर्षीचं पारितोषिक सुरू झालं, तेव्हा ते पहिल्यांदा मिळालं या रिक बेकरलाच, १९८१ च्या एका सिनेमासाठी. नंतर त्याने आणखी सहा मिळवली. एका पत्राचं उत्तर किती लांब जातं बघा!

आणि लांब कशाला, आपल्याकडे विक्रम गायकवाड यांना २०११ च्या ‘बालगंधर्व’ या मराठी चित्रपटाच्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा तुमच्या वहीत प्रत्येक राक्षसाची कृती लिहा. काय जमलं, काय घसरलं, कशाने खाज आली, सगळं लिहा. आणि कुणी विचारलं तर लपवू नका, सांगून टाका.

घरात लहान भावंडं असतील तर एक पथ्य पाळा. दाराआडून एकदम ‘भॉ’ करू नका. त्यांना समोर बसवा आणि त्यांच्यासमोर राक्षस बना. एक भेग त्यांना काढू द्या. दादाचा राक्षस होताना आणि राक्षसाचा पुन्हा दादा होताना ज्याने पाहिलंय, तो अंधारातल्या खोलीत जायला सहसा कुरकुरत नाही.

राक्षसाचा पुन्हा दादा करायची कृती सोपी आहे, पण घाई चालणार नाही. कोमट पाण्यात बुडवलेला मऊ फडका चेहऱ्यावर दोन-तीन मिनिटं धरा. माती आणि खळ आपोआप सुटते. ओरबाडून काढाल, तर कातडीही सोलून निघेल. माती तासाभराहून जास्त वेळ ठेवू नका. काजळ-कोकोला खोबरेल तेल, मग साबण, मग स्वच्छ पाणी. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. ते कुंडीत ओता. आणि मोरी पुसून घ्या बरं का! पुढच्या राक्षसाला घरातून परवानगी मिळणार की नाही, हे त्याच्यावरच ठरतं.